टीव्हीतला कपॅसिटर बदलायचाय, पण कोणता घेऊ?

निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की माझा फोन वाजायला लागतो. "अरे, टीव्ही सकाळी चालूच होत नाही, लाल लाइट नुसता लुकलुकतो, आतून टक टक आवाज येतो, मग दहा-पंधरा मिनिटांनी होतो आपोआप." मी काही पूर्ण वेळचा मेकॅनिक नाही, नाशिकचा आहे, नोकरी अंबडला, घर सिडकोत, रविवारी टेबलावर एखाद-दोन बोर्ड उघडून बसतो एवढंच, पण असा फोन आला की पॉवर सप्लायचा कपॅसिटर फुगलेला असणार हे मी टीव्ही न बघताच धरून चालतो आणि बहुतेक वेळा तसंच निघतं. कारण साधं आहे, इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आतून सुकत आला की त्याचा अंतर्गत रेझिस्टन्स म्हणजे ईएसआर वाढतो, थंडीत तो आणखी वाढतो, आणि दहा मिनिटं धडपडून कपॅसिटर जरा गरम झाला की टीव्ही उठतो. कपॅसिटरचं नुकसान खरं तर उन्हाळ्यातच होऊन गेलेलं असतं, दिसतं ते थंडीत.

आता माझी फजिती सांगतो, कारण हा सगळा लेख तिच्यामुळेच लिहितोय. पंचवटीत मावशीकडे ३२ इंची एलसीडी, असाच थंडीत अडला. उघडला तर १००० एमएफडी (मायक्रोफॅरड, म्हणजे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) २५ व्होल्टचे दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले. दुकानात गेलो, "हजार पंचवीस दोन द्या" म्हटलं, त्याने दिले, मी बसवले, टीव्ही चालू, मावशीने मिसळ खायला घातली, मी एकदम इंजिनियर. पुढच्या थंडीत परत तोच फोन. उघडून बघतो तर माझेच कपॅसिटर फुगलेले आणि त्यांच्या अंगावर बारीक अक्षरात ८५ डिग्री लिहिलेलं, म्हणजे जास्तीत जास्त तेवढं तापमान सोसणारे. जुना काढून फेकलेला होता तो १०५ डिग्रीचा, लो ईएसआर सिरीजचा. मी फक्त आकडा बघितला होता, तो कुठे बसतो ते बघितलंच नव्हतं.

नवीन शिकणाऱ्याने एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मं काम झालं. १०००/२५ हे कपॅसिटरचं पूर्ण नाव नाही, आडनाव आहे म्हणा फार तर. बोर्डावर तो कोणत्या जागी बसलाय यावरून ठरतं की त्याला काय काय जमलं पाहिजे.

स्टेप १ : हात घालायच्या आधी

प्लग काढा. स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढा. मग पॉवर बोर्डावरचा सगळ्यात मोठा कपॅसिटर शोधा, ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेला. आपल्या २३० व्होल्ट एसीचं ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणारे डायोड) साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतं, ते ह्याच्यात साठतं आणि सप्लाय नीट चालत नसेल तर प्लग काढल्यावरही बराच वेळ तसंच बसून राहतं. मेलेला टीव्ही जिवंत टीव्हीपेक्षा जास्त धोकादायक तो असा. चालू सप्लाय साठलेलं व्होल्टेज स्वतःच खाऊन टाकतो, मेलेला नाही खात.

डिस्चार्ज करायला मी जुना ६० वॅटचा पिवळा फिलामेंटचा बल्ब होल्डरसकट ठेवलाय, दोन वायरींना टोकाला इन्सुलेटेड प्रोब लावलेत, कपॅसिटरच्या दोन पायांना क्षणभर लावायचं, भक्कन पेटतो आणि विझतो. एलईडी बल्ब चालणार नाही. बल्ब नसेल तर २.२ के, ५ ते १० वॅटचा रेझिस्टर, दोन-तीन सेकंद धरायचा. मग मल्टिमीटर डीसीवर लावून खात्री करायची, शून्याजवळ आलं की पुढे. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट मारणारे बहाद्दर भरपूर आहेत, त्यात ट्रॅक (बोर्डवरची तांब्याची रेघ) उडतो, ड्रायव्हरचं टोक वितळतं आणि ठिणगी डोळ्यासमोर उडते ते वेगळंच.

डब्बा टीव्ही असेल, म्हणजे पिक्चर ट्यूबवाला, तर ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात, एकट्याने पहिल्यांदा हात घालू नका. कोणीतरी जाणकार शेजारी हवाच.

स्टेप २ : खरंच कपॅसिटर गेलाय का

डोकं फुगलेलं असेल, वरच्या फुलीतून तपकिरी खपली आली असेल, किंवा खालचा रबर बाहेर ढकललेला असेल तर प्रश्नच नाही. पण सपाट डोक्याचा कपॅसिटर चांगलाच असतो असं मुळीच नाही, सुकलेला कपॅसिटर बाहेरून अगदी नव्यासारखा दिसतो. उलट बुडाशी पिवळट-तपकिरी चिकट काही दिसलं तर ते लगेच लीक समजू नका, फॅक्टरीत कपॅसिटर हलू नये म्हणून डिंकासारखा गोंद लावतात तो असतो बहुतेक. मात्र तो गोंद वर्षानुवर्षं गरमी खाऊन काळा पडला असेल तर खरवडून काढा, काळा पडलेला गोंद करंट वाहून न्यायला लागतो आणि पायही खातो.

एक घरगुती युक्ती सांगतो, हेअर ड्रायरची. अडणारा टीव्ही असेल तर बोर्ड बंद अवस्थेत, प्लग काढून, सेकंडरी बाजूच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या कपॅसिटरना पाच मिनिटं गरम हवा द्या आणि मग चालू करून बघा, झटक्यात उठला तर कपॅसिटरच. गरम करूनही फरक नाही पडला तर दुसरीकडे बघायला लागेल. आवाज येतो पण चित्र नाही, टॉर्च मारली की स्क्रीनवर पुसट चित्र दिसतं, हे सध्याच्या एलईडी टीव्हीत बहुतेक वेळा बॅकलाइटच्या पट्टीचं दुखणं असतं, त्यात कपॅसिटर बदलून पैसे घालवू नका. आणि फ्यूज काळाकुट्ट झालेला, मोठा कपॅसिटर फाटलेला, त्याच्या शेजारचा व्हीडीआर (जास्त व्होल्टेज आलं की ते स्वतःवर घेणारी चकती) फुटलेला असं सगळं एकदम दिसलं तर कपॅसिटर म्हातारा होऊन मेलेला नाही, लाइनमध्ये व्होल्टेज चढलं होतं. पावसाळ्यात पोलवरचा न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी ४०० च्या आसपास येतं घरात, मग काय होणार. अशा वेळी मॉसफेट (सप्लायचा स्विचिंग ट्रान्झिस्टर), ब्रिज सगळं तपासल्याशिवाय नुसता कपॅसिटर टाकलात तर तो फटाक्यासारखा वाजेल.

मीटरबद्दल थोडं. साध्या मल्टिमीटरची कपॅसिटर रेंज फक्त एमएफडी सांगते आणि गंमत अशी की गेलेला कपॅसिटर तिथे ९०० दाखवून पास होतो, ईएसआर मात्र वाट लागलेला असतो. तो चौकोनी डिस्प्लेवाला स्वस्त कंपोनंट टेस्टर मिळतो ना ऑनलाइन, एम ३२८ चिपवाला, तो घ्या, एमएफडी आणि ईएसआर दोन्ही दाखवतो, नवशिक्याला बास आहे. १००० एमएफडीचा लो ईएसआर कपॅसिटर ०.०५ ओहमच्या आसपास किंवा त्याखाली दाखवायला हवा, अर्धा-एक ओहम दाखवला तर कचऱ्यात. मोजायचं ते काढून, बोर्डवर असताना शेजारचे भाग मधे मधे करतात. आणि डिस्चार्ज केल्याशिवाय टेस्टरला लावलात तर टेस्टर गेला, माझा पहिला तसाच गेला.

स्टेप ३ : काढायच्या आधी लिहून घ्या

फोटो काढा, वरून आणि खालून. मग कागदावर प्रत्येक कपॅसिटरसाठी एक ओळ: बोर्डवरचा नंबर, एमएफडी, व्होल्ट, डिग्री, कंपनी आणि सिरीजची अक्षरं दिसत असतील तर ती, जाडी मिलिमीटरमध्ये, उंची, आणि पट्टी कोणत्या बाजूला. कपॅसिटरवरची पट्टी म्हणजे मायनस. बोर्डवर मात्र सगळ्या कंपन्या एकसारखं छापत नाहीत, कुठे अर्ध्या गोलात रंग भरलेला म्हणजे मायनस, कुठे फक्त प्लसची खूण, म्हणून फोटो. उलटा बसवलेला कपॅसिटर गरम होऊन फुटतो, वास आठवडाभर जात नाही.

मेन बोर्डवरच्या चपट्या एसएमडी (भोकात पाय न घालता वरूनच डागलेल्या) कपॅसिटरमध्ये एक जबरी फसगत आहे ती इथेच सांगून टाकतो. ॲल्युमिनियमच्या डबीसारखा असतो त्याच्या डोक्यावरचा काळा भाग मायनस, पण पिवळा किंवा काळा चौकोनी टँटलमचा असतो त्याच्यावरची रेघ म्हणजे प्लस. उलटं. आणि टँटलम उलटा लागला की नुसता फुटत नाही, पेटतो.

स्टेप ४ : जागा ओळखा, मग निवडा

हा खरा विषय.

मोठा प्रायमरी (म्हणजे लाइनच्या बाजूचा) कपॅसिटर, ६८ ते १५० एमएफडी, ४००-४५० व्होल्ट. इथे काटकसर करू नका. ३२५ व्होल्ट हा २३० चा हिशेब झाला, रात्री उशिरा लाइन २६० ला चढली तर तोच आकडा ३६८ होतो आणि ४०० वाला अगदी काठावर येतो. म्हणून जुना ४०० चा असला तरी जागेत बसत असेल तर मी ४५० चाच टाकतो. ज्या बोर्डवर पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) आहे तिथे तर सप्लाय स्वतःच ३८०-४०० व्होल्ट तयार करतो, तिथे ४५० शिवाय पर्यायच नाही. एमएफडी शक्यतो तेवढाच, फार तर एक पायरी वर, ८२ च्या जागी १०० चालेल. "मोठा टाकला की जास्त चांगलं" असं म्हणून २२० टाकणारे बघितलेत मी, चालू करताच तो रिकामा कपॅसिटर एकदम एवढा करंट ओढतो की ब्रिज आणि फ्यूजचा जीव जातो. १०५ डिग्री पाहिजेच.

त्याच्या जवळच, ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे, बारीकसा ४७/५० किंवा २२/५० असतो. दिसायला किरकोळ, पण हा सप्लायच्या आयसीला (सप्लाय चालवणाऱ्या चिपला) जेवण पुरवतो. हा सुकला की सप्लाय चालू होतो-बंद होतो-चालू होतो, टक टक टक. गरम भागांच्या मधे चेपलेला असल्याने सगळ्यात आधी हाच जातो कितीतरी वेळा, आणि फुगत नाही, त्यामुळे नवशिका बाहेरचे सगळे बदलतो आणि ह्याला सोडतो. ह्याचा एमएफडी तोच ठेवायचा. लहान टाकला तर आयसी अर्धपोटी राहतो, खूप मोठा टाकला तर चालू व्हायला वेळ लागतो किंवा होतच नाही. ५० च्या जागी ६३ व्होल्ट चालेल. १०५ डिग्रीचा घ्या, दहा रुपयांचा मामला आहे, मी तर बोर्ड उघडलाच आहे म्हटल्यावर न विचारता बदलून टाकतो.

आता ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, सेकंडरीला, हीट सिंकच्या सावलीत ओळीने उभे असतात ते: १०००/१०, १०००/२५, ४७०/३५, २२००/१६ वगैरे. मावशीच्या टीव्हीत मी शेण खाल्लं ते इथेच. ह्या कपॅसिटरमधून सेकंदाला हजारो वेळा करंट आत-बाहेर करतो, त्याला रिपल करंट म्हणतात, आणि ईएसआर जास्त असेल तर तो कपॅसिटर स्वतःच आतून तापतो, वरून हीट सिंकची गरमी आहेच. म्हणून इथे तीन गोष्टी एकत्र लागतात, १०५ डिग्री, लो ईएसआर, आणि कंपनीने दिलेले तास. साधा ८५ चा कपॅसिटर इथे म्हणजे मे महिन्यात भर दुपारी अनवाणी माणूस रामकुंडावर उभा करणं.

तासांचं गणित सोपं आहे, ढोबळ असतं पण डोळे उघडतं. कंपनी लिहिते २००० तास, १०५ डिग्रीला. म्हणजे तेवढ्या तापमानात सतत ठेवला तर तेवढे तास. तापमान १० डिग्रीने कमी झालं की आयुष्य दुप्पट. समजा कपॅसिटर प्रत्यक्षात ७५ डिग्रीवर राहतो आणि टीव्ही रोज १० तास चालतो (मावशीकडे सकाळच्या अभंगापासून रात्रीच्या मालिकांपर्यंत चालतो, १० मी कमीच धरलेत). ८५ डिग्रीचा २००० तासांचा कपॅसिटर असेल तर फरक १० चा, म्हणजे ४००० तास, म्हणजे ४०० दिवस. तेरा महिने. एका थंडीपासून दुसऱ्या थंडीपर्यंत, बरोब्बर. तोच १०५ चा २००० तासांचा असता तर फरक ३० चा, आठपट, १६००० तास, चार वर्षांच्या वर. आणि १०५ चा ५००० तासांचा घेतला तर ४०००० तास, जवळपास अकरा वर्षं. किमतीतला फरक एका कपॅसिटरमागे एका वडापावाएवढा.

व्होल्टेजचं म्हणाल तर तेवढंच किंवा एक पायरी वर. १० च्या जागी १६, १६ च्या जागी २५, २५ च्या जागी ३५. खाली कधीच नाही, "रेल (त्या लाइनवरचं व्होल्टेज) तर ५ चीच आहे, ६.३ चालेल" हा हिशेब कागदावर बरोबर आणि टीव्हीत चुकीचा. खूप वर जायचाही उपयोग नाही, ६३ चा टाकायला गेलात तर बसणारच नाही. एमएफडी इथे थोडा वर चालतो, ८२० मिळत नसेल तर १००० टाका बिनधास्त, तसाही इलेक्ट्रोलायटिकला वीस टक्के इकडे-तिकडे माफ असतं. १००० चा लो ईएसआर मिळत नाही पण ४७० चे मिळतात आणि जागा आहे, तर दोन ४७० समांतर जोडा, ९४० होतात, ईएसआर निम्मा होतो, व्होल्टेज रेटिंग मात्र तेच राहतं. ही युक्ती मी अडल्यावर दोन-तीनदा वापरलीय, दिसायला गबाळं दिसतं पण चालतं.

मेन बोर्डवर प्रोसेसरच्या आसपास वरून रंगीत अर्धगोल छापलेले, प्लास्टिकची कातडी नसलेले छोटे डबे असतात, ते पॉलिमर, म्हणजे फार कमी ईएसआरचे. त्यांच्या जागी पॉलिमरच. आणि उलट दिशेने, साध्या इलेक्ट्रोलायटिकच्या जागी सगळीकडे पॉलिमर टाकून टीव्ही अमर करायचा मोह होतो, तो आवरा, काही जुन्या रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या) आयसींना आउटपुटला थोडा ईएसआर लागतोच, फारच कमी झाला की ते थरथरायला लागतात. एमएलसीसी, म्हणजे तपकिरी तांदळाच्या कणीएवढे सिरॅमिक कपॅसिटर, त्यांच्यावर काहीच लिहिलेलं नसतं, तो शॉर्ट असेल तर त्याच मॉडेलच्या भंगार बोर्डवरून काढणं सोपं पडतं.

आता ज्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे ते. प्लगच्या वायरीजवळ चौकोनी डबी असते, पिवळी किंवा राखाडी, तिच्यावर एक्स २ आणि २७५ किंवा ३१० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं. आणि प्रायमरी-सेकंडरीच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यावर पूल टाकल्यासारखी निळी चकती असते, वाय १ किंवा वाय २ लिहिलेली, २२२ किंवा ४७२ असा आकडा, म्हणजे २.२ किंवा ४.७ नॅनोफॅरड. हे सेफ्टी कपॅसिटर आहेत. ह्यांच्या जागी फक्त तोच वर्ग, तसंच छापलेला. दुकानदार म्हणेल, "अरे हा २ केव्हीचा सिरॅमिक आहे, त्याच्यापेक्षा भारी", नाही घ्यायचा. साधा सिरॅमिक शॉर्ट झाला तर लाइनचं २३० थेट एचडीएमआयच्या पत्र्यावर आणि डिशच्या केबलवर येतं, आणि पावसात गच्चीवर डिश सरळ करायला कोण चढणार आहे ते तुम्हीच बघा. तसंच एक्स २ च्या जागी ४०० व्होल्ट डीसीचा फिल्म कपॅसिटर नाही. गंमत म्हणजे फिल्म कपॅसिटर आपल्या नाशिकच्या एमआयडीसीतच बनतात, टीडीकेचा, पूर्वीच्या एपकॉसचा कारखाना आहे, आणि आपण मेन रोडवर नकली शोधत फिरतो.

डब्बा टीव्ही अजून कोणी करत असेल तर एकच: हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टरजवळचा १६०० किंवा २००० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर असतो, त्यात जरासुद्धा बदल नाही. तोच आकडा, तेच व्होल्टेज, पॉलिप्रॉपिलीनच. एमएफडी कमी टाकला तर ईएचटी (ट्यूबवरचं हजारो व्होल्टचं व्होल्टेज) वर चढतं, एक्स-रे पण वाढतात. बाकी व्हर्टिकलचे इलेक्ट्रोलायटिक वगैरे १०५ चे टाका, चित्र वरून-खालून आक्रसलेलं असेल तर बहुतेक तिथेच मिळेल.

स्टेप ५ : बसेल का

जाडी आणि पायांमधलं अंतर बांधलेलं असतं: ५ मिलिमीटर जाडीला २, ६.३ ला २.५, ८ ला ३.५, १० ला ५, १६ आणि १८ ला ७.५. बोर्डची भोकं त्याप्रमाणे पाडलेली असतात. पाय फाकवून बसवता येतो, पण बुडाशी रबर ताणला जातो आणि तिथूनच पुढे गळती. उंचीचं फार लोक विसरतात. एलईडी टीव्ही एवढे पातळ झालेत की मोठा कपॅसिटर बऱ्याचदा आडवा झोपवलेला असतो, तुम्ही उभा लावला तर मागचं झाकण बसणार नाही, आणि जोर लावून बसवलं तर पॅनेलवर दाब. मापं घेऊनच दुकानात जा.

स्टेप ६ : कुठून घ्यायचा, आणि खोटा कसा ओळखायचा

नाशिकमध्ये एमजी रोड-मेन रोडच्या पट्ट्यात विचारत फिरलात की मिळतं, ४७/५० आणि १०००/२५ तर कुठेही. दुकानात "हजार पंचवीस" म्हणून थांबायचं नाही, "एकशे पाच डिग्री, लो ईएसआर" हे पुढे जोडायचं आणि हातात घेऊन वाचायचं. दुकानदार सरळ असतात, पण गिऱ्हाईक स्वस्त मागतं म्हणून ते स्वस्त ठेवतात, त्यांचा तरी काय दोष. केल्ट्रॉनचे, केरळ सरकारच्या कंपनीचे, मिळाले तर मी डोळे झाकून घेतो साध्या जागांसाठी. सेकंडरीसाठी पॅनासॉनिकची एफआर किंवा एफएम, निचिकॉनची एचई, रुबिकॉनची झेडएलएच, केमिकॉनची केवाय, ही अक्षरं अंगावर छापलेली असतात, ती शोधा. इथे नाही मिळाले तर कोणी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला चाललंय का बघा, दादरला उतरून लोकल बदलली की ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड चालत. पुण्यात बुधवार पेठ. ऑनलाइन माउझर, डिजी-की, एलिमेंट फोर्टीन इथे अस्सल मिळतो, पण चार कपॅसिटरसाठी कुरिअरच जास्त, मित्रांनी मिळून मागवा.

खोटा ओळखायला चार गोष्टी बघतो मी. नव्या कपॅसिटरचे पाय लांब आणि प्लसचा पाय मायनसपेक्षा जास्त लांब असतो, दोन्ही आखूड आणि टोकाला सोल्डरच्या डागाचा मागमूस असेल तर भंगारातून काढून पुसलेला. वजन, मोठा डबा आणि हाताला हलका लागला तर आत छोटाच कपॅसिटर भरलेला असू शकतो, हे खरंच करतात लोक. छपाई, नखाने खरवडली तर निघते का. आणि शेवटी टेस्टर, मी तो खिशात घेऊनच जातो, सुरुवातीला दुकानदार हसायचा, आता स्वतःच म्हणतो "मोजून घ्या साहेब". एका नामांकित नावाचे चार कपॅसिटर एकदा असेच मोजले, १००० लिहिलेले, चारही ६०० च्या आत. नाव कोणाचंही छापता येतं.

वर्षानुवर्षं दुकानाच्या बरणीत पडून राहिलेला अस्सल कपॅसिटरसुद्धा फार चांगला नाही, आतला ऑक्साइडचा थर पातळ होतो. बरणीवर धूळ किती आहे ते बघून अंदाज घ्यायचा, दुसरा काय उपाय.

स्टेप ७ : बसवणं

ह्यावर जास्त लिहीत नाही. जुन्या डागावर आधी थोडं नवं ६०/४० सोल्डर लावा, फॅक्टरीतलं शिसं नसलेलं सोल्डर कमी तापमानाला वितळत नाही, त्याच्यात मिसळलं की पटकन सुटतं. पंपाने ओढा. पाय ओढू नका, ट्रॅक सोबत येतो. पॉवर बोर्ड बहुतेक एका बाजूचा असतो, तो सोपा, मेन बोर्ड कित्येक थरांचा असतो, त्यावर हात बसेपर्यंत भंगार बोर्डवर सराव करा. एक काढायचा, एक लावायचा, पट्टी फोटोशी जुळवायची, मग पुढचा. सगळे एकदम काढून ठेवले की मग कोणता कुठला हा खेळ सुरू होतो.

स्टेप ८ : पहिल्यांदा चालू करताना

थेट प्लग नाही. लाइनमध्ये १०० वॅटचा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये लावा, जुन्या मेकॅनिककडे लाकडी फळीवर सिरीज बोर्ड असतो तोच. बल्ब भक्कन पेटून मंद झाला की ठीक, पूर्ण उजेडाने पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, काढून घ्या, बल्बने तुमचा मॉसफेट वाचवला. टीव्ही मोठा असेल तर बॅकलाइट लागताना बल्ब परत उजळतो आणि टीव्ही रीस्टार्ट मारतो, त्याला घाबरू नका, एवढ्या बल्बातून तेवढा करंट जात नाही एवढंच. स्टँडबायचं ५ व्होल्ट स्थिर मिळालं की बल्ब काढून सरळ लावा. मल्टिमीटरची काळी प्रोब कुठे लावताय ते बघा, प्रायमरीचं मायनस वेगळं आणि सेकंडरीचं ग्राउंड वेगळं, प्रायमरीचं मायनस पंख्याच्या उघड्या वायरीइतकंच जिवंत असतं.

मग झाकण न लावता तासभर चालू द्या. बंद करा, प्लग काढा, डिस्चार्ज करा, आणि मगच नव्या कपॅसिटरच्या डोक्याला बोट लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर कपॅसिटर चुकीचा आहे किंवा शेजारचा डायोड दम तोडतोय.

शेवटी एक कागदाची चिठ्ठी, कुठला कपॅसिटर, कोणती सिरीज, तारीख, झाकणाच्या आतून चिकटवून द्यायची. मावशीच्या टीव्हीत दोन चिठ्ठ्या आहेत. पहिलीवर नुसतं "१०००/२५ दोन" असं आहे, ती मी मुद्दाम काढलेली नाही.